आधी बायांची पंगत

जावेचं कौतुक जावेनं करावं असं कुठं लिहून ठेवलेलं नाही, आणि मीही केलं नसतं. द्वारकाबाई माझी मोठी जाऊ. एका घरात राहून आम्ही मिठावरून भांडलो, सरपणावरून भांडलो, कोंबडीनं कोणाच्या टोपल्यात अंडं घातलं यावरूनसुद्धा अबोला धरला. पण आमच्या बाजारहत्नूरच्या भागात आता आमच्या समाजात लग्न लागलं की माइकवरून कोणीतरी सांगतं, "आधी बायांची पंगत बसू द्या," आणि हल्लीच्या पोरींना वाटतं ही रीत आभाळातून पडली. आभाळातून पडली, डोंबल! ती माझ्या जावेनं आणली, आणि आणताना आमच्या सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं. तेवढं सांगितल्याशिवाय माझ्या जिवाला चैन पडायची नाही.

द्वारकाबाई ठेंगणी, काळी, आणि चालायची अशी तरातरा की लोक विचारायचे, हिची म्हैस हरवली काय. लग्न होऊन आली तेव्हा सासूच्या मागं पाटलाच्या वावरात कापूस वेचायला जायची. मग रात्रीच्या शाळेत बसून सातवी केली, आणि गावात अंगणवाडी आली तेव्हा तिथं लागली. लेकरांकडून गाणी म्हणवून घेता घेता आवाज असा तापला की तिनं घरात हळूच "चटणी दे" म्हटलं तरी वेशीवरचं कुत्रं उठून बसायचं.

तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे नागोराव, मंडलच्या हापिसात कारकून. माणूस लाखातला. दारू नाही, बिडी नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. नाद एकच, भाषणाचा. जयंतीचा महिना आला की आज या गावात सभा, उद्या त्या गावात. विषय ठरलेला, समता. समतेवर बोलताना त्यांचे डोळे भरून यायचे, ऐकणाऱ्यांचेही यायचे, माझेसुद्धा आलेत. आणि घरी आले की खाटेवर टेकून हाक मारायचे, "पाणी!" माठ खाटेपासून हातभर लांब होता. खोटं सांगत असेन तर जीभ झडो.

आता मूळ गोष्टीला येते. पंच्याऐंशी साल असेल, तालुके मोडून मंडलं नवीनच झाली होती, आणि गुडीहत्नूरला आमच्या नात्यात लग्न होतं. तेव्हाची रीत अशी: पहिली पंगत वऱ्हाडातल्या माणसांची, दुसरी गावातल्या माणसांची, मग उरलीसुरली माणसं, मग लेकरं, आणि दिवे लागताना बाया. सकाळपासून वांगी चिरायची बायांनी, तांदूळ निवडायचे बायांनी, आणि जेवायची वेळ आली की आमच्या वाट्याला बुडाचा करपलेला भात, आणि वरणात एवढं पाणी ओतलेलं की डाळ शोधायला कंदील लागावा. भाजी संपलेली. बुंदीचा नुसता चुरा.

आम्ही माना खाली घालून जेवायला लागलो. बाई म्हणजे पोटात भूक घेऊन जन्मली आणि तोंडात कुलूप, असंच आम्ही धरून चाललो होतो. तेवढ्यात मांडवातून भासऱ्यांचा आवाज आला. माइकवर समता चालली होती. द्वारकाबाईचा घास हातातच थांबला. ती उठली, पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, आणि वरणाचं पाणी ठिबकवत भरसभेतून चालत गेली ती थेट मंचापाशी. पत्रावळ नवऱ्यापुढच्या टेबलावर ठेवून म्हणाली, "हे घ्या तुमची समता. चाखून पाहा."

भासऱ्यांनी पत्रावळीकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. पण जन्म कारकुनीत गेलेला! घसा खाकरून माइकमध्ये म्हणाले, "माताभगिनींच्या दरखास्तीची नोंद घेण्यात येत आहे." आणि पुढचं वाक्य जिथं सुटलं होतं तिथूनच उचललं.

लोक हसले. मीही हसले, काय करू, हसू येण्यासारखंच होतं. द्वारकाबाई नाही हसली. परतीच्या बैलगाडीतून उतरताना मला म्हणाली, "चंद्रभागे, माह्या विशाखाच्या लग्नात बाया पयल्यानं जेवतील. गरम जेवतील. नाई तं मी तोंड दाखवणार नाई कोणाले."

विशाखा तेव्हा परकर नेसून चिंचा पाडत होती. पण वर्षं काय, बघता बघता जातात. पोरगी आदिलाबादला कॉलेजात शिकली, मास्तरीण झाली, सायकलवरून शाळेत जायला लागली. आणि चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं, भैंशाकडचा मुलगा, सुमेध, तोही मास्तर. एकमेकांना त्यांनीच पसंत केलं आणि मग आम्हाला कळवलं, म्हणजे आम्हाला आमंत्रणच दिलं म्हणा.

तांदूळ निवडायला बसलो तेव्हा द्वारकाबाईनं पंगतीचा विषय काढला. आमची सासू बयनाबाई भिंतीला टेकून पान कुटत होती. तोंडात दात नाही, पण बोलणं करवतीवाणी. ती म्हणाली, "पंगत कायले पायजे वं बाईले? हातात वगराळं असलं की झालं. मी उभ्या जल्मात कधी उपाशी राह्यली नाई. माणसं बसाच्या अगुदर चुलीमांगं बसून खाऊन घ्या लागते. कोनाले दिसते?"

"चोरून काऊन खावं?" द्वारकाबाई तडकली. "रांधतो आमी, तं आमची पंगत पयली. उजागरीनं बसू, उजागरीनं खाऊ."

विशाखा दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "आजीचं चुलीमांगून, आईचं आधी. सोबत काऊन नाई बसत? एकाच ओळीत सारेच. अन् वाढाले सुमेध येईन, बाबा येतील."

आता बघा गंमत. जी बाई भरसभेत नवऱ्यापुढं पत्रावळ आदळून आली होती, तिचा चेहरा पांढराफटक. "नवरदेव बादली धरून फिरीन? अन् मी तुह्या सासरच्या माणसाच्या मांडीले मांडी लावून बसू? काही लाज हाये का तुले?" बयनाबाईनं पान कुटायचं थांबवून सुनेला टाळी दिली. उभ्या आयुष्यात त्या दोघींचं कशावर पटलेलं मी तेवढंच पाहिलं. सासूला सून बिघडलेली वाटायची, सुनेला लेक. आणि मला तिघींचंही पटायचं, जी बोलत असेल तिचं.

पण खरा काटा वेगळाच निघाला. सुमेधचे वडील नव्हते, घरात शब्द चालायचा तो त्याच्या काकाचा, अमृतरावाचा. त्यानं निरोप धाडला: वऱ्हाडातल्या माणसांची पंगत रीतीप्रमाणं पहिली बसली पाहिजे, नाही तर वऱ्हाड न जेवता परत जाईल. आता वऱ्हाड न जेवता जाणं म्हणजे काय ते आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. आयुष्यभर सासरी पोरीला ऐकून घ्यावं लागतं, तुझ्या बापाच्या दारातून आम्ही उपाशी आलो. भासऱ्यांनी लगेच मान तुकवली. "रीत हाये, द्वारका. पोरीच्या सुखापुढं पंगतीचं काय एवढं?"

द्वारकाबाई दोन्हीकडून कोंडली. एकीकडं शब्द, दुसरीकडं लेक. तिनं जेवण सोडलं नाही, रडली नाही, नुसती तरातरा चालत राहिली, घरातून अंगणात, अंगणातून घरात. मग एकदम माझ्यासमोर येऊन फतकल मारून बसली.

"चंद्रभागे, आपल्या माणसाले जेवणापरीस काय प्यारं हाये?"

"झोप," मी म्हणाले. माझा नवरा चंपत माझ्या डोळ्यांपुढं घोरत होता.

"नाई वं," ती हसायला लागली. "माइक!"

मला क्षणभर कळेना, आणि कळलं तेव्हा आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून अशा हसलो की सासूला वाटलं कोणाला विंचू चावला. अहो, आमच्या लग्नात मंगल झालं की भाषणं असतात. आणि समतेवर कोणी बोलत असेल तर मधूनच उठून जाणं म्हणजे केवढी नाचक्की! शिवाय ज्याला बोलायचं आहे तो आपली पाळी आल्याशिवाय हलत नाही, आणि ज्याचं बोलून झालं तो दुसरे आपल्याइतकं चांगलं बोलत नाहीत ना, हे बघायला थांबतो. फक्त एकालाही वगळायचं नाही, म्हणजे तेवढ्यात बायांची पंगत उठते.

चंपतला मी माइकवर उभं केलं. बजावून सांगितलं, "वऱ्हाडातल्या एकेका माणसाले बोलवा. मी पदर हलवल्याबिगर माइक सोडला तं जेवाले मायच्या घरी जा." तो म्हणाला, "माय तं इथंच राह्यते." मी म्हणाले, "मंग उपाशी राहा."

लग्नाचा दिवस. त्रिशरण झालं, पंचशील झालं, हार घातले, फुलं उधळली. विशाखा पांढऱ्या साडीत अशी दिसत होती की मला उगाच रडू आलं. आणि चंपतनं माइक धरला: "आता वराचे काका, आदरणीय अमृतराव, दोन शब्द बोलतील."

दोन शब्द! त्या माणसानं आपल्या आजोबापासून सुरुवात केली. मग त्याचे मेहुणे. मग एक गुरुजी. मग भासऱ्यांच्या हापिसातले तेलुगू साहेब, ते तेलुगूत बोलले, अर्ध्यांना कळलं नाही म्हणून त्यांनी टाळ्या जास्त वाजवल्या. आणि प्रत्येकाच्या तोंडी समता. घरामागं चिंचेखाली आम्ही पत्रावळी टाकत होतो, आणि वर भोंगा ओरडत होता, "स्त्री आणि पुरुष ही एकाच रथाची दोन चाकं!" द्वारकाबाई म्हणायची, "हाव बाप्पा, बोल, आनखी बोल. दुसऱ्या चाकाले वरण वाढून राह्यलो आमी."

वऱ्हाडातल्या बाया आधी बसेनात. अमृतरावाची बायको प्रयागबाई, उंचपुरी धिप्पाड बाई, पण नवऱ्याचं नाव निघालं की पदर सावरायची. म्हणाली, "आमच्या माणसायची पंगत उठल्याबिगर कशा बसू?"

"तुमची माणसं भाषणानं पोट भरून राह्यली," द्वारकाबाईनं तिचे खांदे धरून तिला खाली बसवलंच. "तुमी बसा. वरण गरम हाये."

मग काय विचारता! वाफ निघणारा भात, वांग्याची तर्रीदार भाजी, अख्खी बुंदी, गोल गोल. बाया आधी घाबरत घाबरत जेवत होत्या, मग एकीला हसू आलं, तिचं पाहून दुसरीला, आणि सगळी ओळ पोट धरून हसायला लागली. "हळू वं, हळू हसा, ऐकू जाईन!" असं म्हणणारीच सगळ्यात मोठ्यानं हसत होती. बयनाबाई ओळीच्या तोंडाशी बसली होती. चुलीमागं एकदा जेवून आली होती ती, तरी बसली. "मले पंगत पटत नाई," म्हणत तिनं तिसऱ्यांदा बुंदी घेतली.

उंच मंचावरून विशाखाला घराच्या कडेनं चिंचेखालचं सगळं दिसत होतं. नवरी ओठ चावून बसलेली, आणि सुमेध तिला विचारतोय काय झालं म्हणून.

तेवढ्यात चंपतची माणसं संपली. माझा नवरा, जन्मात चार लोकांपुढं न बोललेला, घामानं निथळत माइक धरून उभा. मी घराच्या कोपऱ्यावर उभी होते; त्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, अजून नको! बिचाऱ्यानं बोलायला तोंड उघडलं आणि शाळेतली प्रतिज्ञा म्हणायला लागला. "भारत माझा देश आहे." लोक चकित होऊन उभे राहिले. उभे राहिल्यावर अमृतरावाला वाटलं, झालं आता, हात धुवावेत. आणि तो घरामागं आला.

पुढं चिंचेखाली ओळच्या ओळ बाया, हातात बुंदी.

"हे काय चाललं?" अमृतराव असा गरजला की भोंगासुद्धा गप्प झाला. "वऱ्हाडाचा अपमान! उठा! गाडीत बसा साऱ्याजनी! पाणीही घेऊ नका या दारचं!"

भासरे धावत आले, हात जोडून. "द्वारका, काय करून बसली हे?" द्वारकाबाईच्या हातात भाताचं टोपलं होतं, ते तिनं पोटाशी धरलं. मंचावर विशाखा उभी राहिली होती. आता पोरीचं कसं होणार, एवढंच माझ्या डोक्यात.

ओळीतून कोणी उठलं नाही. प्रयागबाईनं मान वर करून नवऱ्याकडं पाहिलं. तोंडात घास होता, तो गिळला, आणि सावकाश म्हणाली, "तुमी व्हा पुढं. मी भात संपवून येतो."

"काय म्हणाली?"

"लग्नाचं वरण गरम असते, हे मले आज समजलं. मी नाई उठत." आणि तिनं पत्रावळ पुढं केली. "वाढा वं, विहीणबाई."

बाप रे बाप! हसावं की पळावं तेच कळेना. बाकीच्या बायांनी घाईघाईनं मोठे मोठे घास घ्यायला सुरुवात केली, न जाणो उठवलं तर! अमृतराव उभा. बायांवाचून वऱ्हाड कसं नेणार? टेम्पोत काय नुसती भाषणं भरून नेणार? बयनाबाई त्याला म्हणाली, "बावा, उभ्यानं राग केला की पोट दुखते. बस. तुह्यासाठी बी गरमच हाये." मागून त्याचाच मेहुणा फिसकन हसला, मग सगळी माणसं हसली, आणि शेवटी अमृतरावाच्याही मिशा हलल्या. म्हणाला, "समता लय महाग पडली बुवा," आणि बसला.

पंगत बसायला लागली तशी विशाखा मंचावरून उतरली. पदर खोचला, सुमेधच्या हातात भाताचं टोपलं दिलं, आपण बुंदीचं घेतलं. नवरदेव वाढायला निघाला! लोकांचे डोळे विस्फारले. आणि मध्येच ती थांबून मला म्हणाली, "काकू, आई जेवली का?"

मी इकडंतिकडं पाहिलं. द्वारकाबाई नव्हती. मांडवात नाही, चिंचेखाली नाही. सापडली कुठं, तर चुलीच्या मागं. भिंतीकडं तोंड करून बसलेली, पुढं झाकून ठेवलेली पत्रावळ, गार भात.

विशाखाचा संताप संताप झाला. "आई! इथं तं आजी बसत होती!"

"मंग? बाया पयल्यानं जेवल्या ना? गरम जेवल्या ना?" द्वारकाबाईचा चेहरा आनंदानं फुललेला, खरंच फुललेला. "माहा शब्द खरा झाला. आता मी खातो दोन घास. तू जाय."

"तू बायांत नाई का?"

"मी पोरीची माय हाये. माणसाच्या पंगतीत बसू? काहीच्या काहीच तुहं!"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ही बाई सगळ्या जगाला गरम जेवू घालणार आणि आपण चुलीमागं गार खाणार, आणि वर खूष होणार! मी तिचा दंड धरला. जावेचा दंड धरायची संधी मी बरीच वर्षं शोधत होते. ओढत नेलं आणि माणसांच्या ओळीत, अमृतरावाच्या बरोबर समोर, बसवलं. "हाललीस तं पाय मोडीन," म्हणाले. तिनं डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला. सुमेधनं भात वाढला. वाकून वाढला, पोरगा चांगला निघाला.

वरणाची बादली विशाखानं आपल्या बापाच्या हातात दिली.

भासरे बादली घेऊन बायकोसमोर येऊन उभे राहिले. वाढायचं कसं ते त्यांना ठाऊक नव्हतं. एका हातात बादली, एका हातात वगराळं, आणि सगळी पंगत त्यांच्याकडं बघतेय. त्यांनी सवयीनं घसा खाकरला. "आजच्या या मंगल प्रसंगी..."

"अवो," पदराआडून आवाज आला, "बोलू नका. वाढा."

भासरे वाकले. वरण भातावर बरोबर पडलं. ते थांबले, बायको हात आडवा करून पुरे म्हणते का ते बघायला. हात आडवा झाला नाही. त्यांनी दुसरं वाढलं. तिसरं. वरण भातावरून पत्रावळीवर, पत्रावळीवरून तिच्या पांढऱ्या साडीवर. पंगत ओरडायला लागली, "अहो बस! बस!" विशाखा हसता हसता खाली बसली. मी द्वारकाबाईचा पदर वर केला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ती हसत होती, दोन्ही हात मांडीवर तसेच. नवऱ्याला "पुरे" कसं म्हणायचं, ते तिला माहीतच नव्हतं.